मीटरची दृष्ट काढल्याबाबत

जबाब देणार : सौ. निर्मला प्रभाकर सबनीस, वय ५८ वर्षे, धंदा घरकाम (आधीच्या कागदात "काही करीत नाही" असे लिहिले आहे, ते खोडावे), राहणार केंद्रीय कर्मचारी वसाहत, गार्डन रीच, कोलकाता. मूळ राहणार नाशिक.

जबाब मराठीत उतरवून घेणार : श्री. अनिकेत राजवाडे, वय ३१ वर्षे, धंदा बँकेत नोकरी, राहणार त्याच इमारतीचा तळमजला, मराठी मंडळाचे चिटणीस.

मी वर लिहिलेली बाई, आज दुपारी स्वतःच्या पायांनी पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

मी वरील पत्त्यावर पतींसोबत राहते. मुलगी सानिका बंगळुरूला असते. "पती" हा शब्द अनिकेतने घातला आहे, मी "हे" म्हणते. हे नदीच्या पाण्याचा खारटपणा मोजणाऱ्या कक्षाचे अभियंता आहेत. वरच्या अंगाला बंधारा आहे, तिथून नदीचं पाणी गरजेप्रमाणे इकडेतिकडे वळवतात. खालच्या अंगाला समुद्र आहे. वरून गोडं पाणी कमी आलं की खालून खारं पाणी नदीत चढतं. किती चढलं हे आमच्या वसाहतीमागच्या घाटावरचं मीटर सांगतं. आकडा ठरलेल्या रेषेवर गेला की ह्यांनी बंधाऱ्याला पत्र पाठवायचं, मग त्यांनी जास्त पाणी सोडायचं. पत्राशिवाय पाणी सुटत नाही. नदीला काय होतंय हे नदीकडे बघून ठरवायची परवानगी कोणालाच नाही.

जबाब मराठीतच का, असं विचारल्यावरून सांगते की, मागच्या शनिवारी मला घाटावर धरलं तेव्हा मी हिंदीत खरं तेच सांगितलं होतं. "मैं मशीन का नजर निकालने को आती हूँ, हर मंगलवार और शनिवार," असं मी म्हणाले. त्याचं लिहिलं गेलं, की सदर महिला मशीनवर नजर ठेवण्यासाठी आठवड्यातून दोनदा येते. जवळच नौदलाची जहाजं बांधतात. त्यामुळे पुढचा प्रश्न आला, नजर कोणासाठी ठेवता? मी म्हणाले, "इनके लिए." इनके म्हणजे कोण, नाव सांगा. आता आमच्या घरच्या वळणात नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घ्यायची पद्धत नाही, आणि उखाणा ऐनवेळी सुचत नाही. मी क्षणभर गप्प राहिले. त्या क्षणभराचं "महिलेने सूत्रधाराचे नाव सांगण्यास नकार दिला" असं झालं. आज तयारी करून आले आहे, तो लिहून घ्यावा :

गंगेच्या पाण्याला समुद्राची ओढ,
प्रभाकररावांच्या मीटरला माझ्या मिठाची जोड.

(सदर ओळींचा तपासाशी संबंध नसल्याचे जबाब देणार यांना सांगितले. त्यात सूत्रधाराचे नाव आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणून ओळी ठेवल्या आहेत. – अ. रा.)

मी आज जबाब देते आहे तो स्वतःला सोडवण्यासाठी नाही. मला काय करायचं ते करा. पण माझ्या मिठामुळे चौकशी समितीने या हंगामातले मीटरचे सगळे आकडे रद्द केले आहेत. आकडे रद्द म्हणून पत्रं रद्द, आणि पत्रं रद्द म्हणून सोमवारपासून वरचं जादा पाणी बंद केलं आहे. आमच्याकडे काम करणारी उषा नस्कर डायमंड हार्बरच्याही खालून येते. तिच्या सासऱ्यांचा पानमळा आहे. खाडीचं पाणी पाटाने तळ्यात येतं आणि तळ्यातलं वेलींना जातं. ते खारं झालं की पानवेल जळते, आणि वेल एकदा जळली की पुन्हा धरायला काही वर्षं जातात. ते पाणी परत सुरू व्हावं, एवढ्यासाठी मी आले आहे.

आता पहिल्यापासून सांगते.

मीटर मागच्या दिवाळीनंतर बसलं. तेव्हापासून ते बघायला माणसांची रीघ लागली. दिल्लीहून साहेब आले, त्यांच्या बायका आल्या, एस्प्लनेडच्या कचेरीतले लोक डबे घेऊन आले. जो येई तो म्हणे, वा, काय मीटर आहे, असं मीटर देशात नाही. हेही कौतुकाने उभे राहून ऐकत. मी तेव्हाच म्हणाले होते, इतकं चांगलं म्हणवून घेऊ नये. माघ उजाडेपर्यंत मीटर एकच आकडा दाखवायला लागलं. भरती असो, ओहोटी असो, आकडा हलेना. आकड्याप्रमाणे पाणी एकदम गोडं. आणि तिकडून उषा बाटलीत तळ्याचं पाणी घेऊन आली, "बउदी, खेये देखो," म्हणजे वहिनी, पिऊन बघा म्हणाली. मी जिभेला लावलं. त्यात भात शिजवला असता तर वरून मीठ घालावं लागलं नसतं.

ह्यांनी दिल्लीला कळवलं, मीटर बिघडलं आहे. दिल्लीने उत्तर दिलं, मीटर बिघडलं असेल तर तसं मीटरच्या आकड्यांवरून दाखवून द्या. त्या रात्री हे जेवताना म्हणाले, "काय करावं कळत नाही, नजर लागल्यासारखं झालंय." हे शास्त्राचे माणूस आहेत, गमतीने म्हणाले. मी गमतीने ऐकलं नाही.

दृष्ट म्हणजे काय ते सविस्तर सांगा, असं बडोबाबूंनी विचारल्यावरून सांगते. बडोबाबू म्हणजे या ठाण्याचे प्रमुख. खडे मीठ, मोहरी आणि सुक्या लाल मिरच्या मुठीत घ्यायच्या. ज्याला दृष्ट लागली त्याच्यावरून तीनदा ओवाळायच्या. तोंडाने म्हणायचं, आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, दृष्ट लागली असेल ती उतरो. मीटरसाठी मी त्यात "दिल्लीच्यांची" असं वाढवलं होतं. मग मूठ विस्तवात टाकायची आणि मागे वळून न बघता निघायचं. मिरच्यांचा ठसका लागला नाही तर समजायचं, दृष्ट जबर होती. "दारच्याची" म्हणजे परदेशातली का, या प्रश्नावर माझं उत्तर असं की, दार म्हणजे दार. शेजारीपाजारी.

घाटावर विस्तव करता येत नाही, तशी तिथे पाटी आहे. वाहत्या पाण्यात टाकलं तरी चालतं असं माझी आई म्हणायची. पण पायऱ्यांवर माणसं आंघोळ करत होती, त्यांच्या अंगावर कोणाची दृष्ट टाकायची? मीटर एका जाड उभ्या पाइपमध्ये सोडलेलं आहे आणि त्या पाइपला वरून नुसतं झाकण आहे. मी झाकण उचललं, मूठ आत सोडली, झाकण लावलं आणि घरी आले. मागे वळून पाहिलं नाही. त्यामुळे आत पुढे काय झालं, याबद्दल मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नाही.

दुसऱ्या दिवशी मीटर चाललं. आकडा रेषेच्या इतका वर गेला की हे चहा तसाच ठेवून कचेरीत पळाले. पत्र गेलं. पत्र आलं म्हणून बंधाऱ्याकडून तपासायला माणूस आला, तर त्याला पाइपची खालची भोकं गाळाने बुजलेली दिसली. म्हणजे तोवर मीटर नदीचं पाणी मोजतच नव्हतं, स्वतःच्याच डबक्यात बसून होतं. त्या माणसाने भोकं मोकळी केली. खरं नदीचं पाणी आत आलं, तेही खारं निघालं. पत्र कायम राहिलं आणि पाणी सुटलं. पुढच्या पंधरवड्यात उषा पानांची चवड घेऊन आली. "मिष्टी जल, बउदी!" ती म्हणत होती. मराठीतही आपण गोडंच पाणी म्हणतो. हे त्या दिवशी मला म्हणाले, "शेवटी शास्त्र जिंकलं हो." मी म्हटलं, जिंकलं. मोहरी संपत आली होती, तेवढी आणायला सांगितली.

गुण आला म्हणून दर मंगळवारी आणि शनिवारी मी दृष्ट काढायला लागले. हे मी ह्यांना सांगितलं नाही. का नाही, असं विचारल्यावरून सांगते की, चाळीस वर्षांच्या अभ्यासाला तुम्ही मीठ-मोहरीचा टेकू लावून देऊ शकत असाल तर द्या, माझ्याने झालं नाही. खडे मीठ आमच्या बाजूला सहज मिळत नाही, ते उषा सियालदहच्या घाऊक बाजारातून आणत असे. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. मराठी लोक मीठ फार खातात असा तिचा समज आहे, तो कायम ठेवावा.

आता यात एक अडचण झाली. भोकं मोकळी असल्यामुळे माझं मीठ थोड्या वेळात वाहून जाई, पण तेवढ्यापुरता आकडा उसळी मारी. त्यामुळे आलेखावर दर मंगळवारी आणि शनिवारी एक शेंडी दिसायला लागली. दिल्लीहून एक प्राध्यापक आले. आमच्या घरी जेवायला होते. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते तेव्हा खारटपणा वाढतो हे जगाला ठाऊक आहे, पण मंगळवार-शनिवारचं हे जगात पहिल्यांदाच सापडलं आहे, असं ते पुरणपोळी खाताना म्हणाले. समुद्राला आठवड्याचे वार कळतात की काय, यावर त्यांनी परदेशात निबंध वाचायचं ठरवलं होतं. मी त्यांना आणखी तूप वाढलं. त्यांना डाव्या बाजूला मीठही वाढलेलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

(जबाब देणार यांना विषयाला धरून बोलण्यास सांगितले. आपण विषयालाच धरून आहोत, मीठ हाच विषय आहे, असे त्यांनी सांगितले. – अ. रा.)

त्या शेंडीचा शोध लावण्यासाठीच प्राध्यापकांनी घाटावर कॅमेरा लावला. मागच्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास मी झाकण उचललं आणि दोन शिपाई आले. माझ्याजवळ मिळालेल्या पुडीचा पंचनामा झाला. त्यात "पांढरे स्फटिक, काळे बारीक मणी, लाल लांबट वस्तू" असं लिहिलं आहे. लाल लांबट वस्तूचा वास घेऊन बघणाऱ्या शिपायाला शिंकांची उबळ आली आणि त्याला पंखा घालायला मलाच सांगितलं. पुडी त्याच वेळी लाखेने सीलबंद केली, ती आता बडोबाबूंच्या कपाटात आहे. कुलूप त्यांचं, किल्ली त्यांच्या पट्ट्याला. पुढे लागलं तर असावं म्हणून सांगून ठेवते.

चौकशी समितीसमोर ह्यांना विचारण्यात आलं, की पत्नीच्या मिठाची आपल्याला कल्पना होती का? हे म्हणाले, कल्पना नव्हती. मग समितीने विचारलं, ज्या माणसाला स्वतःच्या घरातलं मीठ कुठे जातं ते कळत नाही, त्याने नदीतलं मीठ मोजावं का? यावर हे उठून घरी आले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. आज सहावा दिवस. ताटातलं डावीकडचं मीठ बाजूला सारतात. आमटी मुद्दाम अळणी करून पाहिली, तीही मुकाट्याने जेवले. एरवी कमी-जास्त झालं तर बारा गोष्टी ऐकवणारा माणूस. मला ठाण्यात बसवलं त्याचं काही वाटलं नाही, पण त्या अळणी आमटीचं फार लागलं. ते लिहू नको म्हटलं तरी अनिकेत लिहितो आहे, तर लिहू दे.

माझं म्हणणं एवढंच आहे की, सगळे आकडे रद्द करणं चूक आहे. चैत्रात माझ्या भाच्याची मुंज होती. मी नाशिकला गेले आणि वैशाख लागल्यावर परत आले. त्या काळात पुडी माझ्या ट्रंकेत होती आणि मी गोदावरीच्या काठी होते. इतक्या लांबून दृष्ट काढता येत नाही. त्या दिवसांत आलेखाला शेंडी एकही नाही. पण आकडा? हे रोज संध्याकाळी फोन करून सांगायचे, आज कालच्याहून वर आहे. माझ्या मिठाच्या शेंडीहूनही वर. मी तिथून म्हणायचे, मग पत्र पाठवा. हे पाठवायचे, पाणी सुटायचं, आकडा उतरायचा. ते मीठ कोणाचं होतं?

हे मी समितीला लिहून दिलं. समितीचं उत्तर आलं की, महिला अनुपस्थित असताना तिच्या मिठाचा परिणाम अधिक झालेला दिसतो, ही बाब गंभीर आहे. त्यांनी मला पुन्हा नाशिकला न जाण्याबद्दल समज दिली आहे.

बडोबाबू माणूस चांगला आहे. त्यांनी हा मुद्दा दोनदा समजून घेतला, कागदावर नदी काढून घेतली, आणि म्हणाले, "मैडम, आपका नमक मेरे पास जमा है, वो मैं मानता हूँ. समुंदर का नमक कौन जमा करेगा?" त्यांच्या हातात फक्त माझ्यापुरतं आहे, पाण्याबद्दल ते काही करू शकत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यानंतर त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा बाहेरून आणला नाही, ठाण्याच्या मागे करतात. पाणी ठाण्याच्याच नळाचं, आणि नळाला ते नदीतूनच येतं.

आता जे झालं ते, झालं तसं लिहावं. चहा आला. बडोबाबूंनी पहिला घोट घेतला आणि थांबले. चहा करणाऱ्या माणसाला हाक मारून बंगालीत विचारलं, साखरेच्या डब्यात काय भरलं आहेस? त्याने डबा आणून दाखवला, साखर होती. शिपायाने घोट घेतला, त्याने खिडकीतून बाहेर टाकला. अनिकेतने कपाला ओठ लावून खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिलं. मी दुपारपासून या खुर्चीवरून उठलेली नाही, माझ्या हातात रुमालाशिवाय काही नाही, हे बडोबाबूंनी स्वतः मान्य केलं. मग त्यांनी पट्ट्याची किल्ली काढून कपाट उघडलं. पुडी जागेवर होती. लाख शाबूत होती.

हे बाहेरच्या बाकावर बसले होते. मला सोबत म्हणून नाही, घरची किल्ली माझ्याकडे होती म्हणून आले होते, असं आम्ही दोघांनी न बोलता ठरवलेलं आहे. त्यांनाही कप दिला होता. ते कप हातात घेऊनच आत आले आणि म्हणाले, "निर्मला, चहात मीठ?" सहा दिवसांतले पहिले शब्द. मी म्हटलं, "माझं नाही." ते म्हणाले, "माहीत आहे मला." मला रडू आलं, ते मी चहाच्या वाफेवर ढकललं.

ह्यांच्या खिशात पेनासारखं छोटं मीटर नेहमी असतं. ते मागच्या बाजूला गेले आणि नळाखाली धरलं. आम्ही सगळे मागोमाग गेलो. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला, आणि तो लिहून घ्या म्हणाले. अनिकेतने पेन टेकवलं, पण बडोबाबूंनी थांबवलं. समितीच्या आदेशाप्रमाणे श्री. सबनीस यांनी घेतलेले आकडे ग्राह्य नाहीत, ते सरकारी कागदावर येऊ शकत नाहीत, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसलं. हे नळाखाली हात धरून तसेच उभे राहिले.

तेव्हा मी म्हटलं, आकडा नसेल चालत तर चव लिहा. चवीवर समितीची बंदी आलेली नाही. यावर बडोबाबूंनी आदेशाचा कागद मागवून पुन्हा वाचला. चवीचा उल्लेख त्यात नव्हता. मग त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, प्यायले, मागोमाग बाकीचेही प्यायले, आणि सगळ्यांनी कोणाच्याही दबावाशिवाय सांगितलं. ते खाली लिहिलं आहे.

नळाच्या पाण्याची चव : खारट. पिणारे : ठाणे प्रमुख, एक शिपाई, चहा करणारा, श्री. राजवाडे, श्री. सबनीस. पाचांचं एकमत. जबाब देणार यांनी चव घेतलेली नाही, कारण त्या संशयित आहेत.

हा कागद आजच समितीकडे आणि बंधाऱ्याकडे धाडण्याचं बडोबाबूंनी कबूल केलं आहे. त्यासोबत पुराव्यादाखल नळाचं पाणी एका बाटलीत भरून, माझ्या पुडीशेजारी, त्याच लाखेने सीलबंद केलं आहे. उषाला मी फोन करून सांगितलं, की तळ्याचा पाट दोन दिवस बंद ठेवा, पत्र निघालं आहे.

हा जबाब अनिकेतने मला मराठीत आणि बडोबाबूंना हिंदीत वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो आहे. चहाचा परिच्छेद गाळावा का, असं एकदा विचारण्यात आलं; बडोबाबूच नको म्हणाले. सही मी केली आहे. साक्षीदार म्हणून हे सही करत आहेत, त्यांची सही अजून ग्राह्य आहे. नळापासून आत येताना मागे वळून बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण हे नळ नीट बंद झाला का ते पाहायला मागे थांबले, म्हणून पाहिलं. नळ ठिबकतच होता.

सही – निर्मला प्रभाकर सबनीस
साक्षीदार – प्रभाकर सबनीस